दोन वाजायच्या आत

जमाव माणसं मारतो तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'अचानक' हा शब्द हमखास असतो. अचानक अफवा पसरली, अचानक लोक जमले, अचानक दगड सुटला. अमेरिकेतल्या वायोमिंग प्रांतात रॉक स्प्रिंग्स नावाच्या खाणगावात २ सप्टेंबर १८८५ या बुधवारी २८ चिनी खाणकामगार मारले गेले. त्या दिवसाचे तास मारल्या गेलेल्यांच्याच सोबत्यांनी लिहून ठेवले आहेत. पंधरवड्यानंतर न्यूयॉर्कमधल्या चिनी वाणिज्यदूताला त्यांनी एक निवेदन पाठवलं, त्याखाली ५५९ जणांची नावं आहेत. किती वाजता काय झालं, कोण कुठल्या पुलावरून आलं, पहिली गोळी कुठून सुटली, सगळं त्यात आहे. ते वाचल्यावर 'अचानक' हा शब्द लिहायला हात धजत नाही.

सदतीस वर्षं आधी

२४ जानेवारी १८४८. कॅलिफोर्नियात सटर नावाच्या जमीनदाराच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शल या सुताराला सोन्याचे कण दिसले. समुद्रापलीकडे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ही बातमी पोचली ती भुकेच्या दिवसांत. जमिनीचे तुकडे पडलेले, डोक्यावर कर्ज, आणि लवकरच ताइपिंगचं बंड पेटलं. तिथल्या गावांनी कॅलिफोर्नियाला 'सोन्याचा डोंगर' म्हणायला सुरुवात केली. जहाजाचं भाडं उसनं घ्यायचं, बायकोपोरांना आईबापांजवळ ठेवायचं, पाचसात वर्षं राबून कर्ज फेडायचं आणि थोडंफार गाठीला बांधून परत यायचं, असा तो बेत होता. एकेका गावातून, एकेका भावकीतून माणसं निघाली.

कॅलिफोर्नियाने त्यांच्यासाठी कर तयार ठेवला होता. परदेशी खाणकऱ्यांवर १८५० मध्ये महिना २० डॉलरचा कर बसला. तो टिकला नाही, पण १८५२ मध्ये महिना ३ डॉलरचा नवा कर आला आणि त्याचा भार मुख्यतः चिन्यांवर पडला. गोऱ्यांनी उकरून सोडून दिलेल्या जागांवर हे लोक गाळ पुन्हा धूत बसत आणि त्यातूनही सोनं काढत. टाकून दिलेल्या जागेतून दुसऱ्याने पोट भरलं, याचाही राग येतो माणसाला.

सोनं आटत गेलं तसे हात रेल्वेकडे वळले. सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे कडे फोडले, हिमवादळात बोगदे खोदले, आणि १० मे १८६९ ला प्रॉमॉन्टरी इथे पूर्व आणि पश्चिम रुळांनी जोडली गेली. मग त्या रुळांवर धावणाऱ्या इंजिनांना कोळसा लागला. रॉक स्प्रिंग्स ज्या स्वीटवॉटर काउंटीत आहे, तिचं पहिलं ठाणं साऊथ पास सिटी हे सोन्याचंच गाव होतं. तिथली धामधूम दोनचार वर्षांत ओसरली आणि काउंटीचा जीव दक्षिणेला, रेल्वेच्या आणि कोळशाच्या गावांकडे सरकला.

रॉक स्प्रिंग्स युनियन पॅसिफिक रेल्वेचं गाव होतं. रेल्वेने गाव वसवणं म्हणजे काय, ते भुसावळकरांना वेगळं सांगायला नको. भोंगा कंपनीचा, घरं कंपनीची, आणि गावाला बरे दिवस येणार की वाईट हे ठरवणारी माणसं दूर कुठल्या तरी शहरात बसलेली.

दहा वर्षं आधी

१८७५ मध्ये रॉक स्प्रिंग्सच्या गोऱ्या खाणकामगारांनी संप केला. कंपनीने तो लष्कराच्या पहाऱ्यात मोडला. दीडशे चिनी कामगार आणले, आणि संपवाल्यांपैकी जेमतेम पन्नास जणांना परत घेतलं. चिनी माणसं पुरवायचं काम बेकविथ, क्विन आणि कंपनी या कंत्राटदारांकडे होतं.

या प्रकरणाची मुळी मला इथे दिसते. संप मोडायला माणसं आणली कंपनीने. आलेल्या माणसांना इंग्रजी येत नव्हतं, आपल्याला कशासाठी आणलं आहे याचा त्यांना पत्ता असेलच असंही नाही. पण ज्याची नोकरी गेली त्याला रोज समोर दिसत होता तो शेजारच्या खाणीतून कोळशाने माखून बाहेर येणारा चिनी. कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स १८८५ मध्ये दूर बॉस्टनमध्ये होते. त्यांच्यापर्यंत दगड पोचत नव्हता.

१८८५ पर्यंत इथल्या खाणींत ३३१ चिनी आणि दीडशे गोरे काम करत होते. गोरे तरी कोण? वेल्स, कॉर्नवॉल, आयर्लंड, स्कँडिनेव्हियातून आलेले, म्हणजे बहुतेक तेही परदेशीच. मजुरीतली कपात आणि कंपनीच्याच दुकानातून माल घ्यायची सक्ती ही त्यांची गाऱ्हाणी खरी होती. चिन्यांच्या निवेदनात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. गोऱ्यांनी अनेकदा येऊन विचारलं, आपण मिळून मजुरी वाढवून मागू. चिन्यांनी विचारलं, कंपनी नाही म्हणाली तर? तर संप. त्याला आम्ही तयार झालो नाही, आणि तिथून वैर वाढलं. ज्यांना संप मोडायलाच आणलं होतं, ज्यांचं इथे राहणंच कंत्राटदाराच्या मर्जीवर होतं, त्यांनी संपाला होकार कसा द्यावा? दोन्ही बाजू दुबळ्या होत्या, आणि त्यांना एकमेकांसमोर उभं करणारा तिसरा नामानिराळा होता.

त्यात ६ मे १८८२ ला अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली होती. त्यामुळे आत असलेल्यांना हुसकून लावणं हे काही जणांना देशाच्या धोरणाचंच पुढचं पाऊल वाटू लागलं.

एक महिना आधी

ऑगस्टमध्ये इव्हॅन्स्टनपासून रॉक स्प्रिंग्सपर्यंत, म्हणजे रेल्वेच्या शंभर मैलांच्या पट्ट्यात, जागोजाग कागद चिकटवलेले दिसू लागले. चिन्यांनी चालतं व्हावं. चिनी कामगारांनी ते पाहिले, कंपनीच्या माणसांनी पाहिले, काउंटीच्या अधिकाऱ्यांनीही पाहिले असणारच. कोणी हाललं नाही.

आदली संध्याकाळ

१ सप्टेंबर, मंगळवार. गोऱ्या वस्तीत 'नाइट्स ऑफ लेबर' या कामगार संघटनेची सभा भरायची त्या इमारतीची घंटा वाजली. चिन्यांना धमक्या दिल्या गेल्याची कुजबूज त्या रात्री चिनी वस्तीत पोचली. ही वस्ती गावाच्या उत्तरेला, बिटर क्रीक नावाच्या ओढ्याच्या पलीकडे होती. कंपनीने बांधलेली लाकडी घरं, त्यांच्या आसपास लोकांनी फळ्या-पत्रे ठोकून स्वतः उभारलेल्या झोपड्या, आणि एक देऊळ. ओढा ओलांडायला दोन वाटा होत्या, एक फळ्यांचा पूल आणि एक रेल्वेचा. हे दोन पूल वाचकाने ध्यानात ठेवावेत.

सकाळी ७ : सात तास उरले

कोळशाच्या खाणीत प्रत्येक जोडीला थराची एक खोली नेमून दिलेली असते. मजुरी टनावर. थर जाड असला तर तेवढ्याच घामात जास्त टन निघतात, थर पातळ असला तर दिवस वाया जातो. त्यामुळे कोणती खोली कोणाला मिळाली यावर घरची चूल अवलंबून. सहा नंबरच्या खाणीत एक चांगली खोली चिनी कामगारांना दिली गेली होती, आणि तिच्यावर दोन गोरे खाणकामगार हक्क सांगत होते.

सात वाजून थोडा वेळ झाला होता. दहाहून जास्त गोरे खाणीत धावत शिरले, काही कामाच्या कपड्यांत, काही साध्या. चिन्यांना इथे काम करू देणार नाही, असं ओरडत. चिन्यांनी दोन शब्द समजावून सांगायचा प्रयत्न केला, तोवर मार सुरू झाला. निवेदनात तीन जखमींची नोंद आहे. त्यातल्या एकाच्या डोक्यात कोळसा फोडायच्या टिकावाचा घाव बसला होता आणि तो पुढे वाचला नाही.

मुकादम आला आणि त्याने काम थांबवलं.

पहिलं रक्त सांडलं होतं आणि दुपारचे दोन वाजायला जवळजवळ सात तास होते. मारणारे कोण हे खाणीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दहा-बारा माणसं होती ती. तारयंत्र गावात होतं, काउंटीचं ठाणं ग्रीन रिव्हर पंधरा मैलांवर, मध्ये थेट रूळ. त्या दिवसाच्या सगळ्या तासांत मी या तासापाशी पुन्हा पुन्हा थांबतो. काम बंद केलं की भांडण मिटलं, असं मुकादमाला वाटलं असावं. काम बंद झालं म्हणजे हत्यारं हातात असलेली संतापलेली माणसं मोकळी झाली.

सकाळी १० च्या आत : चार तास

सहा नंबरच्या आसपासचे गोरे डझनाडझनांनी जमू लागले. बंदुका आल्या. रुळांच्या कडेकडेने चालत, रेल्वेचा पूल ओलांडून ते थेट गोऱ्या वस्तीत गेले. हे सगळं दहाच्या आत आटोपलं.

मग पुन्हा घंटा. चिनी वस्तीत ती ऐकू येत होती. सभेत काय ठरलं ते त्यांना कळायचं काही साधन नव्हतं. थोड्या वेळाने माणसं इमारतीतून बाहेर पडली आणि बहुतेक जण दारूच्या गुत्त्यांत शिरले. गर्दी वाढत गेली.

पलीकडे चिनी वस्तीत त्या दिवशी एक सण होता, त्यामुळे बरेच लोक खाणीत न जाता घरीच होते. पळून जायचं कोणाच्या मनात आलं नाही. यातले काही इथे पंधरा वर्षं राहिलेले होते. गावात त्यांचा धोबीखाना होता, ओळखीची माणसं होती. निवेदनात ते लिहितात की गोऱ्यांबद्दल आमच्या मनात काहीच वाईट नव्हतं. ते वाक्य खोटं मानायला मला कारण दिसत नाही.

दुपार : दोन तास

या दोन तासांत गुत्त्यांमध्ये काय बोलणं झालं त्याची नोंद निवेदनात नाही. पण गर्दीत बोललं काय जातं ते आपण धुळे जिल्ह्यात पाहिलेलं आहे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूरकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे उतरली. भिक्षेवर पोट असलेला भटका समाज, गावोगाव फिरणं हेच त्यांचं जगणं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत होते. कोणीतरी म्हणालं हेच ते. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि पाचही जणांना मारून टाकलं. आपण कोण, कुठले, हे ते सांगत होते. ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

रॉक स्प्रिंग्सला बंदूक होती, राईनपाड्याला लाठ्या आणि हाताला लागेल ते. पण त्याआधीचे दिवस दोन्हीकडे सारखेच गेले. तिथे भिंतीवर चिकटवलेला कागद, इथे खिशात वाजणारा संदेश, आणि दोन्हीकडे ते वाचूनही गप्प राहिलेले शहाणे लोक. जळगावच्या सराफ बाजारात आज दागिने घडवणारे कितीतरी हात बंगालमधून आलेले आहेत. केळीच्या बागांत, जिनिंगमध्ये राबणारी माणसं कुठून कुठून येतात. त्यांच्याबद्दल चहाच्या टपरीवर काय बोललं जातं ते आपण ऐकतो आणि पुढे जातो. मी हे लिहितो आहे ते त्यासाठी.

दुपारी २ : शून्य

जमाव निघाला. दोन टोळ्या, दोन पूल. फळ्यांच्या पुलावरून लहान टोळी, रेल्वेच्या पुलावरून मोठी.

आधी तिघे जण पुढे येऊन सांगून गेले की चिन्यांना सामान बांधून निघायला एक तास आहे. माणसं गाठोडी बांधू लागली. अर्ध्याच तासात जमावाचा धीर सुटला.

मोठ्या टोळीचे पुन्हा गट पडले होते. काही पुलाच्या अलीकडेच उभे, काही पलीकडच्या टोकाला डावी-उजवीकडे, काही तीन नंबर खाणीमागच्या टेकडीवर, एक गट कोळशाच्या शेडपाशी, एक पंपघरापाशी. दारूच्या तारेत धावलेली गर्दी अशी उभी राहत नाही. पंपघरापाशी उभ्या गटाने पहिली गोळी झाडली. शेडपाशी असलेल्यांनी लगेच त्यांचं अनुकरण केलं. पहिला पडला तो लोर सन किट.

तेव्हा आम्हाला कळलं की हे मारायलाच आले आहेत, असं निवेदन सांगतं. तरीही लोक लगेच पळाले नाहीत. टेकडीवरचा गट खाली उतरला, गोळ्या झाडत वस्तीत घुसला. फळ्यांच्या पुलावरच्या टोळीने वस्ती वेढली आणि एक गट पुलावरच ठेवला, कोणी निसटू नये म्हणून. मग बातम्या घरोघर पोचल्या. पश्चिम टोकाला राहणारा लिओ डाय बा गेला. पूर्व टोकाचा यिप आ मार्न गेला. आता मात्र वस्ती फुटली, आणि माणसं वाट फुटेल तिकडे धावत सुटली. कोणी टेकड्यांवर, कोणी ओढ्यात उतरून पलीकडच्या माळावर.

वाटेत गाठ पडली की जमावातली माणसं बंदूक रोखून विचारत, पिस्तूल आहे का? मग अंगझडती. घड्याळ, सोनं, चांदी, जे असेल ते काढून घेत आणि मग कोणाला सोडत, कोणाला बंदुकीच्या दस्त्याने झोडपत. सोन्याच्या डोंगराकडे निघालेल्यांच्या अंगावर जे काही थोडं साठलं होतं ते बिटर क्रीकच्या काठावर असं गेलं.

दुपारी ३ नंतर

फळ्यांच्या पुलाच्या चिनी वस्तीकडच्या टोकाला बायकांचा एक घोळका उभा होता. त्या ओरडून जमावाला चेतवत होत्या. त्यातल्या दोघींनी स्वतः गोळ्या झाडल्या. निवेदनात हे दोनच ओळींत येतं, शिवीशाप काही नाही, फक्त वेळ दिली आहे, तीन वाजून थोडा वेळ.

४ ते ९

चारच्या सुमाराला आग लागली आणि रात्री नऊ उलटून गेले तरी ती चालू होती. कंपनीने चिन्यांना दिलेल्या घरांपैकी एकच उरलं. ७९ घरं जळाली, त्यांत सहा नंबर खाणीजवळच्या तीन झोपड्याही आल्या. ओढ्याकाठी, पुलाजवळ पडलेली काही प्रेतं उचलून आगीत टाकली गेली. घरांत दडून बसलेले आत सापडले. आजारी होते, उठून पळू शकत नव्हते, ते जिवंत जळाले. गोऱ्या वस्तीतल्या धोबीखान्यातही एक चिनी मारला गेला.

मेलेल्यांची एक यादीही आहे. नाव, वय, प्रेत कुठे सापडलं, जखम कुठे, मागे कोण. यी सी येन, वय ३६, ओढ्याजवळ, डाव्या कानशिलात गोळी, मागे आई. लिओ काऊ बूट, वय २४, तीन आणि चार नंबर खाणींच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, मानेतून गोळी आरपार. सिया बन निंग, वय ३७, देवळाजवळच्या झोपडीत, राखेच्या ढिगात. त्याचं डोकं, मान आणि खांदे तेवढे ओळखू येत होते. काहींच्या नावापुढे फक्त हाडांची नोंद आहे. ही यादी करायला कोणीतरी राख चाळली, हाडं वेगळी केली, आणि कोण कोणाच्या झोपडीत राहत होता हे आठवून नाव लावलं.

त्याच संध्याकाळी जमाव कंपनीचा खाणीवरचा माणूस इव्हान्स याच्या घरी गेला आणि त्याला गाव सोडायला सांगितलं. तो निघून गेला, सुखरूप. ज्या कंपनीवर सगळा राग होता तिच्या माणसाला गाडी पकडायला वेळ मिळाला.

ग्रीन रिव्हरहून शेरीफ जोसेफ यंग खास गाडीने पोचला, पण त्याच्या बाजूने उभं राहायला गावातून माणसं मिळाली नाहीत.

रात्र आणि नंतरचे दिवस

टेकड्यांवर पळालेल्यांना वाटत होतं की दंगा शमला की परत यावं, मेलेल्यांना मूठमाती द्यावी, जखमींना पाहावं. वरून त्यांना दिसला तो जाळ. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवरचं ते ओसाड पठार, सप्टेंबरची रात्र, अंगावर होते तेवढे कपडे. रुळांचा अंदाज घेत ते ग्रीन रिव्हरच्या दिशेने चालत राहिले. कोणी सकाळी पोचलं, कोणी दुपारी, कोणी दुसऱ्या दिवसाचा अंधार पडल्यावर. काही तर ४ सप्टेंबरला. वाटेत कोणी चिनी दिसला तर गाडीत घ्या, अशी तार कंपनीने सगळ्या गाड्यांना केली होती. कंपनीच्या या कामाबद्दल निवेदनात आभार मानले आहेत.

वायोमिंगचा गव्हर्नर फ्रान्सिस वॉरन ३ तारखेच्या सकाळी गावात पोचला आणि त्याने केंद्राकडे फौज मागितली. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या सरकारने ती पाठवली. पळालेले सगळे ५ सप्टेंबरपर्यंत इव्हॅन्स्टनला गोळा झाले, तर तिथेही त्यांना जाळायच्या, मारायच्या धमक्या सुरू झाल्या. सैनिक आले म्हणून तिथे पुढचं टळलं.

९ सप्टेंबरला त्यांना मालगाडीच्या डब्यांत बसवलं. सॅन फ्रान्सिस्कोला नेतो, असं सांगितलं होतं. गाडी उलट्या दिशेने धावली आणि सैनिकांच्या पहाऱ्यात त्यांना रॉक स्प्रिंग्सलाच उतरवलं. वस्तीच्या जागी काळी जमीन होती. काही प्रेतं कंपनीने पुरली होती, बाकीची उघड्यावर पडली होती आणि कुत्री-डुकरं त्यांना लागली होती. मुलगा बापासाठी रडत होता, भाऊ भावासाठी, काका पुतण्यासाठी. एकेका भावकीतली माणसं एकत्र आली होती, म्हणून एकेका भावकीतली एकत्रच मेली. यादीत 'लिओ' हे आडनाव मोजता मोजता माणूस थांबतो.

बहुतेकांना आता खाणीत उतरायची इच्छा उरली नव्हती. पण खिशात एक पैसा नाही, अंगावर फाटके कपडे, जाणार कुठे? कपडे, धान्य आणि झोपायला गाड्या कंपनीने उसन्या देऊ केल्या. कोळसा काढायला माणसं हवी होतीच. ज्या कामावरून हे सगळं घडलं त्याच कामाच्या जागी आठवड्याभरात त्यांना परत आणून उभं केलं गेलं. चिन्यांना काम देऊन कंपनीने त्यांचा कैवार घेतला, असं कोणी म्हणत असेल, तर त्याने या आठवड्याकडे नीट पाहावं.

हिशेब

सोळा जणांना अटक झाली. ग्रीन रिव्हरला ग्रँड ज्युरी बसली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिने निर्णय दिला की पुष्कळ साक्षीदार तपासले, पण कोणा ओळखीच्या गोऱ्या माणसाने त्या दिवशी एखादा गुन्हा केल्याचं कोणी सांगू शकलं नाही. भरदुपारी, उघड्या माळावर, एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या वस्तीत हे घडलं होतं. सोळाही जण सुटले आणि रॉक स्प्रिंग्सला त्यांचं स्वागत झालं. खटला कोणावरच चालला नाही.

चीनच्या वकिलातीने पाठपुरावा केला. न्यूयॉर्कहून हुआंग सी चुएन आणि सॅन फ्रान्सिस्कोहून फ्रेडरिक बी, असे दोन वाणिज्यदूत जागेवर जाऊन चौकशी करून आले. १८८७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने १,४७,७४८ डॉलर ७४ सेंट मंजूर केले. रकमेचा हा काटेकोरपणा यासाठी की तो जळालेल्या आणि लुटलेल्या मालाचा हिशेब होता, झोपडी, कपडे, रोकड, भांडी. २८ माणसांचा आकडा त्यात धरलेला नव्हता.

गावात सैन्याची छावणी बसली, कॅम्प पायलट ब्यूट. तिच्या पहाऱ्यात चिनी कामगार पुन्हा कोळसा काढू लागले. सैनिक १८९९ मध्ये उठले. म्हणजे जे काम २ सप्टेंबरच्या सकाळी सात ते दोनच्या दरम्यान एका शेरीफने आणि चार शहाण्या माणसांनी करायचं होतं, ते फौजेला तेरा वर्षांहून जास्त काळ करावं लागलं.